रतांब्यांचा हिशेब

कोकमाचा धंदा वर्षभर चालतो, पण तो ठरतो जेमतेम सहा आठवड्यांत. एप्रिलच्या मध्यावर रतांबे लाल व्हायला लागतात आणि मे सरता सरता आभाळ भरून येतं. मधल्या काळात जेवढं फळ उतरवलं, फोडलं, रसात भिजवलं आणि वाळवलं, तेवढंच पुढच्या हंगामापर्यंत विकायला हाती राहतं. मिरगाचा पाऊस लागला की झाडावर राहिलेलं फळ गळतं आणि बुंध्याशी कुजून जातं. आमच्या कुडाळ तालुक्यात परसाला, कुंपणाला, व्हाळाच्या काठाला कोकमाचं झाड नाही असं घर शोधावं लागेल. तरीही दर पावसाळ्याच्या तोंडावर वाडीवाडीतून रतांब्यांचा लाल सडा मातीत मिसळताना दिसतो. बाजारात ज्याला भाव आहे ते फळ कुजतं, कारण ते उतरवून घ्यायची मजुरी कुणाच्या हिशेबात बसत नाही.

ती मजुरी हिशेबात बसवणं, हेच माझं गेल्या काही वर्षांचं काम आहे. मी आगळ, अमृत कोकम आणि आमसुलं विकते. यातलं काहीही करून बघायला मला कुठे लांब शिकायला जावं लागलं नाही. आमच्याकडे ते घरोघरी होतं. अवघड होतं ते त्याचा दर काढणं, तो दर न अडखळता सांगणं आणि विकल्या मालाचे पैसे वेळेवर घरात आणणं. घरगुती खाद्यपदार्थांच्या धंद्यात उतरलेल्या कितीतरी बायका मी जवळून पाहिल्या आहेत. त्यांच्या हाताला चव होती, कष्टाची तयारी होती, गिऱ्हाईकही होतं. ज्या टिकल्या त्या मात्र दर काढणं, तो सांगणं आणि पैसे वेळेवर आणणं, या तीन गोष्टींच्या बळावर टिकल्या.

आमसूल कसं होतं ते आधी सांगते, कारण दर तिथूनच सुरू होतो. पिकलेला रतांबा धुऊन, पुसून उभा फोडायचा. साल एका टोपात, आतला पांढरा गर बियांसकट दुसऱ्या टोपात. गरावर मीठ घालून ठेवलं की रस सुटतो. या रसात साली बुडवायच्या, निथळून उन्हात पसरायच्या, संध्याकाळी गोळा करायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रसात घालायच्या. याला पुटं देणं म्हणतात. चार-पाच पुटं झाली की लाल साल काळपट होते, जाड आणि मऊ होते. अंगठ्याने दाबून बघायचं: बोटाला ओल लागता कामा नये आणि साल कडकन मोडताही कामा नये. ही पारख यंत्राने होत नाही. कोकमाची आंबटी जहाल, त्यामुळे लोखंडाचं किंवा अॅल्युमिनियमचं भांडं चालत नाही. फोडणाऱ्या बाईच्या हातावर साधं खरचटलेलं असलं तरी दिवसभर झोंबत राहतं, म्हणून बसण्याआधी सगळ्या जणी हाताला खोबरेल लावतात. मे महिन्यात दुपारनंतर ढग आले की सगळ्यांचं लक्ष आभाळाकडे. वळवाची एक सर वाळत घातलेल्या मालावर पडली, तर त्याला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

म्हणजे एका पाकिटाला किती हात लागतात बघा. झाडावर चढून आकडीने फळ काढणारा गडी, ते डोक्यावरून वाहून आणणारी, फोडणाऱ्या, पुटं देणाऱ्या, उन्हात उलथंपालथं करणाऱ्या, निवडणाऱ्या, वजन करून पाकीट बंद करणाऱ्या. पूर्वीपासून हे सगळं घरच्या घरात व्हायचं. माझ्या सासूबाई दरवर्षी मुंबईच्या नातेवाइकांसाठी आमसुलांच्या पिशव्या भरायच्या आणि उरलेली आमसुलं गावातल्या दुकानात द्यायच्या. दुकानदार जो भाव देईल तो घ्यायचा, कारण झाड घरचं, ऊन देवाचं आणि हात आपले. यातल्या कशाचेच पैसे मोजलेले नसल्यामुळे आलेला प्रत्येक रुपया फायद्याचा वाटायचा.

धंदा म्हणून हे काम हाती घेतलं तेव्हा मी पहिल्या हंगामापासून एक वही घातली. त्यात घरच्या झाडाचे रतांबेही विकत घेतल्यासारखे लिहिले. शेजारच्या काकींनी ते पाहिलं आणि विचारलं, “गो, घरच्या रतांब्यांचो भाव कित्याक धरतंस?”

मी म्हटलं, “काकी, उद्या झाड नाय धरला तर इकतच घेवचे लागतले. तेंचो भाव धरलंय.”

त्यांना ते पटलं. पण वहीतली पुढची ओळ त्यांना पटायला वेळ लागला. त्या ओळीत माझी स्वतःची मजुरी होती. कामाला येणाऱ्या बायकांना जो रोज, तोच माझा. घरातल्याच बाईने स्वतःला रोज लावायचा, ही गोष्ट आमच्याकडे अजूनही विचित्र वाटते. मी या ओळीवर ठाम राहिले, कारण माझ्या मनात एक साधा प्रश्न होता: उद्या मी आजारी पडले, तर माझ्या जागी बसणाऱ्या बाईला पैसे कुठून द्यायचे? दरात माझी मजुरी नसेल, तर त्या दिवशी धंदा बंद पडणार. मजुरी हाताची असते आणि नफा जोखमीचा असतो. दोन्ही एकाच खात्यात टाकले की दोन्ही दिसेनासे होतात. मग वर्षभर राबूनही आपण कमावलं की नुसतं राबलो, हे सांगता येत नाही.

मजुरीच्या खाली बाकीच्या ओळी येतात: मीठ, साखर, बाटल्या आणि झाकणं, लेबलं, वाटेत फुटणारा माल, मुंबईपर्यंतचं भाडं, दुकानदाराचं कमिशन, न खपता परत येणारा माल आणि गुंतलेल्या पैशावरचं व्याज. या शेवटच्या ओळीकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही, आणि कोकमात तीच फार महत्त्वाची आहे. अमृत कोकमाचा खप उन्हाळ्यातला, पण रतांबेही उन्हाळ्यातच येतात. म्हणजे मे महिन्यात केलेल्या सरबताचा मोठा भाग पुढच्या फेब्रुवारी-मार्चपर्यंत सांभाळावा लागतो. एक भाग सालीला दोन भाग साखर असं त्याचं प्रमाण, त्यामुळे साखरेचा सगळा पैसा पावसाळाभर आणि थंडीभर बाटल्यांत अडकून पडतो.

उलट रतांबे आणून देणाऱ्याला उधारी सांगता येत नाही. संध्याकाळी काट्यावर वजन झालं की तिथेच रोख. आसपासच्या वाड्यांतून फळ आणणाऱ्यांत म्हाताऱ्या बायका असतात, शाळेला सुट्टी लागलेली मुलं असतात. हातात लगेच पैसे पडले तर दुसऱ्या दिवशी ते निवडक फळ घेऊन येतात. ‘नंतर बघू’ म्हटलं तर चांगलं फळ दुसऱ्याच्या दारात जातं आणि आपल्याकडे गळलेलं येतं. मे महिन्यातली रोकड हा या धंद्याचा प्राण आहे. ती मी बचत गटाच्या कर्जातून आणि पुढे बँकेच्या कॅश क्रेडिटमधून उभी केली. बँकेत गेले तेव्हा साहेबांनी सगळी कागदपत्रं बाजूला ठेवून आधी वही चाळली. कुठल्या महिन्यात पैसा जातो आणि कुठल्या महिन्यात येतो, हे त्यांना त्यात सरळ दिसलं.

दर काढून झाला आणि तो बाजारभावापेक्षा बराच वर गेला. मग समोर दोनच रस्ते होते. वहीतली एखादी ओळ खोडायची, किंवा ज्याला फरक कळेल असं गिऱ्हाईक शोधायचं. मी दुसरा रस्ता धरला आणि त्यासाठी फरक दाखवता येईल असं काम केलं. सरबताची गोडी अंदाजाने ठरवणं सोडून ब्रिक्स मोजायचं छोटं उपकरण घेतलं. रसाचा एक थेंब काचेवर टाकून उजेडाकडे धरलं की आत रेघेवर आकडा दिसतो. पाक पुरेसा घट्ट असेल तर सरबत टिकतं, पातळ राहिलं तर फसफसतं. प्रत्येक घाण्याचा आकडा आणि तारीख लिहून ठेवली जाते, आणि तो आकडा बाटलीवरच्या बॅच नंबराशी जोडलेला असतो. गिऱ्हाईकाची तक्रार आलीच, तर ती बाटली कोणत्या दिवशीची आणि कोणत्या रतांब्यांची, हे मला वही उघडून सांगता येतं.

रंगाच्या बाबतीतही तेच. कोकमाचा रंग उजेडाने आणि उष्णतेने उतरतो. ताजं सरबत डोळ्यात भरणारं लाल असतं, आणि महिने गेले की ते तपकिरीकडे झुकतं. बाजारात वर्षभर लालभडक राहणाऱ्या बाटल्या बघून लोकांची नजर तशी झालेली असते. रंग घालायचा नाही हे मी ठरवलं होतं, म्हणून लेबलवरच छापलं: यात रंग घातलेला नाही, काळाबरोबर रंग गडद होईल, बाटली उजेडापासून दूर ठेवा. एवढ्या तीन वाक्यांनी आमची जेवढी विक्री झाली, तेवढी कुठल्याही जाहिरातीने झाली नसती. लोक फोन करून विचारू लागले, आणि एकदा विचारणारं गिऱ्हाईक सहसा सुटत नाही.

कागदपत्रांची भीती बायकांना उगाच घातली जाते. मी सुरुवात केली तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या खाद्य उद्योगाला फक्त नोंदणी पुरेशी होती, आणि तिची फी वर्षाला १०० रुपये. लहान उद्योग म्हणून करायच्या उद्यम नोंदणीला तर फीच नाही. पाकिटावर निव्वळ वजन, कमाल किंमत, पॅकिंगची तारीख, पत्ता आणि तक्रारीसाठी फोन नंबर छापणं बंधनकारक आहे, आणि ते छापल्यामुळेच शहरातला दुकानदार आपल्याला दारात उभं करतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्र आहे. मिठाचं प्रमाण किती, रस किती दिवस मुरवायचा, बाटल्या निर्जंतुक कशा करायच्या, हे सगळं विद्यापीठाने तपासून ठेवलेलं आहे. घरच्या रीतीला त्या मोजमापाची जोड दिली की दरवर्षी चव तीच येते, आणि गिऱ्हाईक पैसे मोजतं ते त्या सारखेपणासाठी.

दर परवडण्यासाठी फळाचा कुठलाही भाग वाया घालवून चालत नाही. रतांब्याचं साधारण निम्मं वजन सालीत असतं, बाकीचं गरात आणि बियांत. गराचा रस पुटांना जातो किंवा त्याची आगळ होते. बिया धुऊन वाळवल्या की त्यांतून घट्ट गोठणारं तेल निघतं. आमच्याकडे थंडीत फुटलेल्या टाचांना ते लावतात, आणि साबण व मलमं करणारे त्या बिया विकत घेतात. एका फळापासून निघणाऱ्या वेगवेगळ्या वस्तूंना वेगवेगळ्या महिन्यांत गिऱ्हाईक असतं, हे मला हळूहळू उमगत गेलं. आगळ लवकर तयार होते आणि मासळीच्या खानावळी ती बारमाही घेतात, त्यामुळे पावसाळ्याचा घरखर्च तिच्यावर निघतो. आमसुलं श्रावणात, उपासांच्या दिवसांत आणि गणपतीत हलतात. अमृत कोकमाचा पैसा सगळ्यात शेवटी येतो, पण एकरकमी येतो. तीन मालांचे तीन हंगाम असल्यामुळे तिजोरी एकदम कोरडी पडत नाही.

आता उधारीबद्दल. मुंबईतल्या एका दुकानाने आमचा माल घेतला, खपवला, पुन्हा मागवला. पैसे मात्र ‘पुढच्या महिन्यात’ देऊ, असं म्हणत राहिलं. लहान उद्योग करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही, आणि बहुतेक जण गप्प बसतात, कारण दुकान तुटेल ही भीती असते. मी त्या काळात २००६चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा समजून घेतला. नोंदणी असलेल्या लहान उद्योगाकडून माल घेतला की खरेदीदाराने ४५ दिवसांच्या आत पैसे चुकते करायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. दाद मागायला सरकारी परिषद आहे आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. मी दुकानाला पत्र पाठवलं. भाषा नम्र ठेवली, उद्यम नोंदणीचा क्रमांक आणि बिलांच्या तारखा लिहिल्या आणि कायद्यातली मुदत सांगितली. पैसे आले. तेव्हापासून आमच्या प्रत्येक बिलावर नोंदणी क्रमांक आणि ४५ दिवसांची मुदत छापलेली असते, आणि आधीचं बिल फिटल्याशिवाय पुढचा माल निघत नाही. काही दुकानं यामुळे सुटली. जी राहिली ती वेळेवर पैसे देतात, आणि त्यांच्याशी बोलताना आवाजात अजिजी आणावी लागत नाही.

आमचं सगळ्यात भरवशाचं गिऱ्हाईक म्हणजे चाकरमानी. मे महिन्यात आणि गणपतीला गावी आलेला माणूस परत जाताना बॅगेत आमसुलं घेतल्याशिवाय जात नाही. त्यांच्या मुंबई-ठाण्यातल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मग फोनवर मागणी येते. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात गाळा मिळाला, तिथे कोकणाबाहेरच्या लोकांनी पहिल्यांदा आगळ चाखली. त्यांना सोलकढी ठाऊक होती, पण आगळीची बाटली घरी नेली तर पाच मिनिटांत ती करता येते, हे माहीत नव्हतं. आम्ही तिथेच नारळाच्या दुधात आगळ घालून वाटीभर कढी हातात द्यायचो. तिखटमिठाची, लसणीची, कोथिंबीर घातलेली. ती प्यायल्यावर दराची घासाघीस फारशी होत नसे. चव समोर असली की दर समजावून सांगता येतो, आणि वहीत त्याची प्रत्येक ओळ लिहिलेली असली की तो सांगताना जीभ अडत नाही.

यंत्रांबद्दल नवीन मुली हमखास विचारतात. केंद्र सरकारने २०२०मध्ये सुरू केलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान ठेवलं. योजना चांगली, पण अनुदान कर्जाला जोडलेलं. आधी बँकेने कर्ज द्यायला हवं, आपला वाटा घालायला हवा आणि हप्ते सुरू झाले की दर महिन्याला ते भरता यायला हवेत. म्हणून माझं सांगणं असतं की आधी दोन हंगाम हाताने काम करा आणि कुठे हात अपुरे पडतात ते बघा. आमच्याकडे हात अपुरे पडत होते वाळवणीत, म्हणून पहिला मोठा खर्च झाला तो पारदर्शक कापडाच्या वाळवण-घरावर. रतांबे फोडायचं यंत्र त्यानंतर कितीतरी काळाने आलं. ढगाळ दिवशी माल वाचला, तिथेच त्या खर्चाची वसुली सुरू झाली.

मला या सगळ्यात मनापासून अभिमान वाटतो तो वहीतल्या मजुरीच्या पानांचा. आमच्याकडे येणाऱ्या बायकांना दर शनिवारी रोख पैसे मिळतात, मालाचे पैसे मुंबईहून आलेले असोत वा नसोत. दरात त्यांची मजुरी आधीच धरलेली असल्यामुळे मला ती देता येते. त्यातल्या एकीने स्वतःच्या परसातल्या झाडांचे रतांबे वाया जाऊ देणं बंद केलं आणि बियांपासून उगवलेल्या रोपांऐवजी कलमं आणून लावली. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बी लावलं तर निम्म्याच्या आसपास झाडं नर निघतात, आणि ते कळेपर्यंत सहा-सात वर्षं गेलेली असतात. विद्यापीठाच्या कोकण अमृता जातीच्या कलमाला लवकर फळ धरतं आणि बरंचसं पीक पावसाआधी हाती येतं. आपल्या फळाला ठरलेला भाव मिळणार ही खात्री नसती, तर तिने कलमांवर पैसे घातले नसते. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. त्या मानांकनाचं मोल परसातल्या झाडापर्यंत पोचतं ते अशा ठरलेल्या भावातूनच.

धंदा किती वाढवणार, असं लोक विचारतात. माझ्यापुरतं उत्तर ठरलेलं आहे. सहा आठवड्यांत जेवढं फळ रोखीने घेता येईल, चांगलं वाळवता येईल आणि ज्याची मजुरी वेळेवर देता येईल, तेवढा. त्यापुढे जायचं असेल तर दुसऱ्या वाडीतल्या बाईने स्वतःची वही घालावी. मी तिला दर काढायला शिकवीन, दुकानं जोडून देईन. अशा दोन-तीन जणी आता उभ्या राहिल्या आहेत, आणि एकीची मागणी जास्त झाली की माल दुसरीकडून जातो.

कुणी नव्याने लोणची, पीठं, पापड, सरबतं असं काहीही करायला घेत असेल, तर माझं एवढंच सांगणं आहे. पहिला माल विकण्याआधी दर काढा. त्यात स्वतःचा रोज धरा आणि कुणी कितीही समजावलं तरी ती ओळ खोडू नका. आपल्या कष्टाची किंमत आपण लावली नाही, तर बाजार ती शून्य धरतो आणि मग वर्षानुवर्षं शून्यच धरत राहतो. एखाद्या गिऱ्हाईकाला तो दर परवडणार नाही. त्याला प्रेमाने वाटीभर चव द्या, पण दर तोच सांगा. तुमच्या त्या एका आकड्यावर झाडावर चढणाऱ्या गड्यापासून पाकीट बंद करणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांची चूल अवलंबून आहे, आणि त्या सगळ्यांमध्ये तुम्हीही आहात.